सदरहू बिस्किटे

आमच्या घरात देवघराच्या खालोखाल ज्या वस्तूला मान आहे, ती म्हणजे स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या वरच्या खणात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेली, कडा झुरळांनी कुरतडलेली, तुपाने अर्धपारदर्शक झालेली आणि हळद, काकवी, चिंचेचा कोळ, शाई व अश्रू या पाच द्रव्यांनी वेळोवेळी अभिषिक्त झालेली एक वही होय. इतर घरांत अशा वहीला पाककृतींची वही म्हणतात. आमच्याकडे तिला ‘दप्तर’ म्हणतात, आणि ते काढताना घरातील वडीलधारे माणूस चष्मा पुसते, खाकरते व बाकीच्यांना बसायला सांगते.

या नामाभिधानाला कारण आहे. माझे आजोबा बुलढाण्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, जिल्ह्याचा धनी स्वतःला डिप्टी कमिशनर म्हणवू लागला, कचेरीवर निराळे निशाण फडकू लागले. परंतु राज्य बदलले म्हणून कारकुनाची लेखणी बदलते असा ज्यांचा समज असेल, त्यांनी एकदा आजोबांची वही पाहावी. ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘बमोजिब’, ‘बिनहरकत’ हे शब्द ज्या सहजतेने त्यांच्या दौतीतून उतरत, त्या सहजतेने त्यांच्या तोंडून माझ्या आजीचे नावही कधी उतरले नाही. तिचा उल्लेख ते दप्तरात सर्वत्र ‘कुटुंब’ असा करतात. शिवाय वही विकत आणण्याचा अपव्यय त्यांना मान्य नसल्यामुळे कचेरीतून रद्द होऊन आलेल्या एका नोंदवहीतच त्यांनी हे काम आरंभले होते, आणि तीत रकाने आधीच आखलेले होते: अनुक्रमांक, तपशील, जमा, खर्च, शिल्लक, शेरा. आखलेला रकाना रिकामा सोडणे हे आजोबांच्या लेखी ब्राह्मण जेवताना उठवण्याइतके पाप असल्यामुळे आमच्या घराण्याची समग्र पाकविद्या या सहा रकान्यांत बसवण्यात आली. साहित्य ‘जमा’ खाली, कृती ‘तपशिला’त, करपले-सांडले ते ‘खर्चा’त. ‘शिल्लक’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘निरंक’ असा शब्द आहे, यावरून त्या काळच्या आमच्या एकत्र कुटुंबाच्या भुकेची कल्पना यावी. पुरणपोळीच्या नोंदीत ‘दाळ शिजल्यावर कटाची वसुली पूर्ण करावी, थकबाकी ठेवू नये’ असे वाक्य आहे. वांग्याच्या भरिताखाली ‘वांगे मजकूर निखाऱ्यावर हजर करून त्याची साल जप्त करावी’ असा हुकूम आहे. आणि कढीच्या नोंदीअखेर तांबड्या शाईत लिहिले आहे: ‘फुटल्यास कुटुंबाचा जबाब घ्यावा.’

छापील पाकशास्त्र तेव्हा मराठीत नव्हते असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभीच, हजार पाकक्रियांसह, निघालेले होते. आणि पुढे १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने तर वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेऊन ‘अंदाजाने’ या शब्दाची अर्धी सत्ता खालसा केली. आमच्या घरातही ‘रुचिरा’ आहे. तिच्यातले पदार्थ करतात, ते चांगले होतात, आणि मग त्यांच्याविषयी कोणी काही बोलत नाही. दप्तरातले पदार्थ बिघडतात आणि त्यांच्यावर तीन-तीन पिढ्या वाद चालतो. जिव्हाळा कोठे आहे हे यावरून समजून येईल.

त्या सर्व वादांचा मुकुटमणी म्हणजे नोंद क्रमांक ४७: ‘जिंजर बिस्किट उर्फ सुंठीची टिकिया’.

हिची उत्पत्ती अशी. बुलढाणे हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेत दोन हजार फुटांहून उंच वसलेले; खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे माणसे उन्हाने भाजून निघत असता राजूर घाट चढून वर आले की वारा गार लागतो, आणि म्हणून वऱ्हाडच्या उकाड्याने जेरीस आलेल्या साहेबलोकांचा या ठिकाणावर फार जीव. आगगाडी मात्र गावाला नाही. ती खाली मलकापुरावरून जाते. त्यामुळे साहेबाच्या बंगल्यावर विलायती खाद्यपेयांचा जो डबा येई तो घाट चढून येईपर्यंत निम्मा भुगा होऊन येई, आणि त्या काळच्या मडमांना बिस्किटे घरीच भाजणे क्रमप्राप्त होते. नाताळात कचेरीतर्फे साहेबाला फळांची डाली जात असे. १९३४ सालच्या नाताळात ती पोचवण्याचे काम आजोबांकडे आले, आणि परत येताना मडमेने एका रुमालात बांधून काही तपकिरी रंगाच्या, सुगंधी, माणसाच्या आकाराच्या चकत्या त्यांच्या हाती दिल्या.

आजोबा कर्मठ. त्यांनी त्या चकत्या स्वतः खाल्ल्या नाहीत. परंतु वास मात्र त्यांनी घेतला, आणि दप्तरात ‘वास घेण्यास शास्त्राची हरकत दिसत नाही’ असे नमूदही केले. त्या वासाने त्यांचे चित्त इतके विचलित झाले की तिसऱ्या दिवशी ते बंगल्याच्या मागील दाराने जाऊन तेथील खानसाम्यास भेटले व कृती उतरवून घेऊन आले. वाचकांनी या दळणवळणाचा मार्ग ध्यानात घ्यावा: मडमेने इंग्रजीत सांगितलेले खानसाम्याने हिंदुस्तानीत समजून घेतले, त्याने सांगितलेले आजोबांनी कचेरीच्या मराठीत समजून घेतले, आणि घाईत ते मोडी लिपीत टिपून घेऊन रात्री कंदिलापाशी बाळबोधीत उतरवले. चार घाटांचे पाणी प्यालेली ही कृती पाचव्या घाटावर येऊन आजीच्या चुलीशी पोचली, तेव्हा तिची अवस्था मलकापुराहून आलेल्या डब्यातल्या बिस्किटांहून फार निराळी नव्हती.

मूळ नोंद येथे देतो. मोडीतली आकडेमोड तेवढी सोडवून लिहिली आहे.

‘जमा: कणीक चाळीव शेर १. गूळ शेर अर्धा. काकवी छटाक २. तूप पावशेर, घरचे. सुंठ २ तो. लवंग, दालचिनी अंदाजे. खार लोणारचा, चिमूट. अंडे १, नामंजूर, बदली दही. तपशील: गूळ, काकवी व तूप मंदाग्नीवर एकजीव करून सदरहू मिश्रणात सुंठ मजकूर वस्त्रगाळ करून सोडावी. कणीक बेताबेताने सामील करावी. गोळा एक रात्र नजरकैदेत ठेवावा. सकाळी लाटून आकार कातावे व भाजावे. भाजण्याचा विस्तव—’ आणि येथे पान संपते. पुढच्या पानावर क्रमांक ४८, ‘साबुदाण्याची खिचडी’ सुरू होते. या दोहोंमध्ये काय होते हे कळण्यास आम्हांला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. पण ते यथावकाश.

आता एखाद्याला वाटेल की नाताळची बिस्किटे आणि बुलढाण्याचा कारकून यांचा बादरायणसंबंध जोडण्यात काय हशील? परंतु थोडा विचार केला असता असे दिसते की ही चकती आमच्याकडे पाहुणी म्हणून आलीच नव्हती. ती माहेरी आली होती. सुंठ आणि आले यांना संस्कृतात शृंगवेर म्हणतात. शिंगासारखे वेडेवाकडे वाढणारे ते शृंगवेर व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेस गेले, ग्रीकांच्या तोंडी पडून झिंगिबेरिस झाले, लॅटिनात आणखी झिजले, आणि इंग्रजाच्या जिभेवर येईपर्यंत त्याचे जिंजर उरले. जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरी मध्ययुगापासून त्याची मधात मळलेली केके होत आली आहेत. तिकडच्या भटारखान्यांत ही कणीक फुलवण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला खार घालीत. आता खाराच्या बाबतीत बुलढाणा जिल्ह्याने कोणापुढे हात पसरावा असे काही नाही. उल्कापाताने काळ्या फत्तरात पडलेले लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आणि त्याच्या तळाशी असलेले ते क्षारयुक्त सरोवर, ज्यात पुराणाप्रमाणे लवणासुराचा वास होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याचा निकाल लावला, ते पूर्वी सबंध मुलखाला खार पुरवीत असे. अबुल फजलानेही ‘ऐन-ए-अकबरी’त या भागाविषयी लिहिताना काच आणि साबण करण्यास लागणारे सारे जिन्नस येथे मिळतात अशी नोंद केली आहे. आजोबांनी ती वाचली असती तर खाराची चिमूट त्यांनी जराशी जपून लिहिली असती. कारण १९३५ च्या जानेवारीत आजीने ही बिस्किटे प्रथम केली तेव्हा, पितळी पातेल्यात वाळू घालून, वर परात उपडी ठेवून, तिच्यावर निखारे पसरून दीड तास भाजल्यानंतर जे निघाले, त्यावर ‘शेरा’ या रकान्यात तिने पेन्सिलीने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच यजमानांच्या दप्तरात हात घालून, एकच शब्द लिहिला आहे: ‘साबण’. अकबराच्या दरबारातील विद्वानाशी इतके संक्षिप्त आणि इतके पूर्ण मतैक्य माझ्या आजीखेरीज दुसऱ्या कोणी व्यक्त केल्याचे मला आढळले नाही.

तेथून पुढे त्या एका नोंदीचा ‘शेरा’ हा रकाना पुरेना; लोक समासात लिहू लागले, मग समास संपून ओळींच्या मधल्या जागेत.

मुख्य तंटा सुंठीचा. आजोबांनी लिहिले आहे ‘२ तो.’, आणि ‘तो’ म्हणजे तोळे, याविषयी शहाण्या माणसाला शंका येऊ नये. परंतु त्या ‘तो’वर काकवीचा एक थेंब पडलेला आहे, आणि वरच्याच ओळीत काकवीपुढे ‘छटाक २’ असे स्पष्ट असल्यामुळे माझ्या थोरल्या आत्याने १९४६ साली सुंठही दोन छटाक घातली. छटाक म्हणजे पाच तोळे. म्हणजे दोन तोळ्यांच्या जागी दहा तोळे सुंठ त्या दिवशी आमच्या घरातील सोळा माणसांच्या पोटात गेली. सुंठेवाचून खोकला गेल्याच्या कथा सर्वांनी ऐकल्या आहेत. आमच्याकडे सुंठेमुळे सोळा माणसांना एकाच वेळी खोकला आला. आत्याने खाली लिहिले आहे: ‘औषधी गुण उत्तम. दादांचा जुना पडसा गेला.’ त्याखाली दादांच्या अक्षरात आहे: ‘पडसा गेला, जीभही गेली.’

मग दशमान पद्धत आली. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, त्यामागोमाग किलो आणि ग्रॅम आले, आणि माझ्या धाकट्या काकांनी, जे गणिताचे शिक्षक असल्यामुळे घरात कोणालाही सुखाने वाणसामान आणू देत नसत, एका रविवारी सबंध दप्तराचे दशमान रूपांतर करण्याचा संकल्प सोडला. शेराचे ९३३ ग्रॅम, छटाकाचे ५८, तोळ्याचे ११.६६, असे दशांशचिन्हासह भरलेले ते हिरव्या शाईचे आकडे आजही वाचता येतात. त्यांच्या हिशोबाने सुंठ २३.३२ ग्रॅम. आमच्या घरात त्या काळी असलेल्या तराजूत सर्वांत लहान वजन म्हणजे एक बटाटा होता. काकूंनी त्या हिरव्या आकड्यांखाली केवळ एक तिरकी रेघ ओढली आहे, परंतु रेघेत किती राग मावतो हे पाहण्यासाठी तरी ते पान पाहावे.

माझ्या आईचा शेरा सर्वांत सौम्य, आणि म्हणून सर्वांत घातक. ती म्हणते: ‘या तर कापण्याच. तळल्या असत्या तर चांगल्या झाल्या असत्या.’ ज्यांना आखाड तळणे ठाऊक आहे त्यांच्या हे तत्काळ ध्यानी येईल. आषाढात गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, वर खसखस किंवा तीळ लावून, शंकरपाळ्यांसारख्या कातून ज्या तांबूस कापण्या आमच्याकडे तळतात, त्यांत आणि मडमेच्या चकतीत सुंठेचा व भट्टीचा काय तो फरक. आणि सुंठ तर रामनवमीला दुपारी सुंठवड्याच्या रूपाने आपण हातावर घेतोच. म्हणजे एका बाजूला कापणी, दुसऱ्या बाजूला सुंठवडा, आणि या दोघांच्या मधोमध, दोन्ही घरची ओळख नाकारून, साहेबी टोपी घातलेली नोंद क्रमांक ४७.

इतके होऊनही ती नोंद कोणी खोडली नाही. खामगाव-जालना रेल्वेचे जसे झाले आहे तसेच हे. इंग्रजी अमदानीपासून ती मागणी चालू आहे, पाहण्या होतात, निवेदने जातात, आमच्या तीन पिढ्या तिच्या आशेवर वाढल्या, पण ‘नको’ असे कोणाच्याही तोंडून निघत नाही.

यंदाच्या नाताळात माझी नात पुण्याहून सुटीला आली. वय बारा, इयत्ता सातवी. फडताळात काहीतरी खायला शोधत असता तिच्या हाती दप्तर लागले, आणि तासाभराने ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली ती नोंद ४७ वर बोट ठेवूनच.

“आबा, हे जिंजरब्रेड आहे! आपल्या घरात जिंजरब्रेडची रेसिपी आहे आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

तिच्या स्वरात, वडिलोपार्जित जमीन कुळकायद्यात गेल्याचे इतकी वर्षे लपवून ठेवणाऱ्या आजोबाविषयी असावा तसा, व्यथित संताप होता. तिने मला विलायतेत या पिठाची घरे बांधतात, त्यांना साखरेच्या खिडक्या असतात, असे सांगितले. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या कथेतील चेटकिणीच्या खाद्यमय घराची हकीकत मला ठाऊक होती. परंतु काऊचे शेणाचे आणि चिऊचे मेणाचे घर ऐकत वाढलेल्या माणसाला गुळाच्या घराविषयी जी व्यावहारिक शंका येते ती मी तिला सांगितली, की असे घर आमच्या बुलढाण्यात बांधले असते तर चेटकीण राहायला येण्यापूर्वीच मुंग्यांनी तेथे कब्जेवहिवाट सिद्ध केली असती. तिने घराचा बेत सोडला. माणसे मात्र करायचीच, असे ठरले.

सामान आणण्याची कामगिरी माझ्याकडे आली. आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात जाऊन मी अर्धा पाव सुंठ मागितली. थोडी जास्तच घ्यावी, आत्याचे स्मरण ठेवून वापरताना कमी वापरावी, असा विचार. दुकानदाराने तराजू खाली ठेवला.

“सुंठ? अन् अर्धा पाव? भाऊसाहेब, घरी कोणी बाळंत हाये काय?”

“नाही हो. बिस्किटं करायची आहेत.”

“बिस्किटाचा पुडा तं पाच रुपयाले भेटते,” तो म्हणाला, आणि मग माझ्या वयाकडे, पिशवीकडे व पिशवीतील दोन किलो गुळाकडे पाहून, समंजस माणसाने दुसऱ्याच्या घरगुती गोष्टीत खोल शिरू नये अशा मुद्रेने त्याने सुंठ बांधून दिली. सायंकाळपर्यंत शेजारच्या दोन सुवासिनी डिंक कोठला आणावा हे सांगायला येऊन गेल्या, आणि तिसरीने ‘सूनबाई केव्हा आल्या?’ असे विचारून, उत्तर न ऐकताच, खारकेचे प्रमाणही सांगितले.

लोणारच्या खाराचा प्रश्न मात्र सरकारनेच सोडवून ठेवला होता. सरोवर आता अभयारण्यात मोडते. तेथील चिमूटभर माती उचलायची म्हणजे आजोबांच्या नातवाला आजोबांच्याच कचेरीत जबाब द्यायला उभे राहण्याचा प्रसंग. तेव्हा औषधाच्या दुकानातून खाण्याच्या सोड्याची पुडी आणली. लवणासुराचे हे अगदीच पाळीव रूप, पण आजीचा शेरा वाचलेला असल्यामुळे तेही अर्धाच चमचा घातले.

रात्री गोळा नजरकैदेत गेला. सकाळी लाटण्याचा समारंभ झाला. नातीने पुण्याहून पत्र्याचा एक मनुष्याकृती साचा आणला होता, हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, “माणूस कातायचा? आणि मग तोच चहात बुडवून खायचा?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी तडजोड अशी निघाली की नातीने माणसे कातावी आणि हिने खामगावच्या चांदीच्या वाटीने, जी माझ्या मुंजीत आलेली आहे, शुद्ध सात्त्विक गोल चकत्या कराव्या. अशा रीतीने एकाच पिठात दोन पंथ निर्माण झाले.

मुलाने दोन वर्षांपूर्वी भेट दिलेला विजेचा ओव्हन आमच्याकडे आहे. त्यात आजवर कुरडयांचा डबा ठेवीत असू, कारण तो मुंग्यांना उघडता येत नाही. कुरडया बाहेर काढल्या, ओव्हन तापत ठेवला, त्याच्या काचेमागे तांबडा दिवा लागला, नातीने आनंदाने टाळी वाजवली, आणि त्या टाळीसरशी सबंध गल्लीची वीज गेली. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून, पुरी, पापड, करंजी यांवरून वर्षाचे भाकीत सांगतात. त्या मांडणीत एखादे बिस्किट ठेवण्याची पद्धत असती तर हा योग आम्हांला आधीच कळला असता.

तासभर वाट पाहून आम्ही परात, पत्रे, दप्तर व नात असा सारा लवाजमा घेऊन भट्टीवर गेलो. घरचे रवा-मैदा-तूप-साखर तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून न्यावे आणि नानकटाई किंवा बिस्किटे भाजून आणावी, हा उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटीतला आमच्या पिढीचा एक संस्कारच होता. रांगेत बसून आपला डबा दुसऱ्याच्या डब्याशी बदलणार नाही ना यावर डोळे लावण्यात माझ्या बालपणाचा मोठा हिस्सा गेला आहे. ती भट्टी अजून आहे. भट्टीवाले चाचा माझ्याहून दोनचार वर्षांनीच लहान असतील. त्यांनी दप्तर हातात घेतले, चष्मा नव्हता म्हणून हुंगले, आणि परत दिले.

“कागद पाहून भट्टी नाही चालत साहेब. भट्टी हात पाहून चालते.”

सकाळचे पाव निघून गेले होते, आणि भट्टीचा पहिला ताव उतरला होता. चाचांनी मूठभर पीठ आत भिरकावले, ते किती वेळात तांबडे होते हे डोळे बारीक करून पाहिले, मनाशी काही म्हटले, अर्धी घटका थांबले, पुन्हा पीठ टाकले, आणि मग लांब दांड्याच्या लाकडी फळीवर आमचा पहिला पत्रा घेऊन तो एका झटक्यात त्या काळोख्या तोंडातून आत, थेट मागच्या भिंतीशी सरकवला. फळी बाहेर आली ती मोकळी. नव्वद वर्षे दोन पानांच्या मध्ये हरवलेल्या त्या ‘विस्तवा’चा शोध आमच्या तीन पिढ्या अक्षरे लावून घेत होत्या, आणि हा गृहस्थ मूठभर मैद्याने त्याचा निकाल लावून विडी पेटवीत होता.

वास सुटला. गूळ तापून कडेला किंचित जळू लागला की जो येतो तो, त्यावर लवंग, आणि सर्वांच्या मागून नाकाच्या शेंड्याला झोंबणारी सुंठ. रस्त्याने जाणारे दोन इसम थांबले. एकाने विचारलेही, “काढा करून राह्यले काय?” आणि मला एकाएकी १९३४ सालचे, रुमालाची गाठ नाकाशी धरून राजमार्गाने चाललेले, शास्त्राची हरकत तपासणारे आजोबा दिसले.

पत्रे निघाले. चकत्या चकत्यांसारख्या झाल्या होत्या. माणसे मात्र फुगून त्यांचे खांदे एकमेकांना चिकटले होते, आणि सबंध पत्रा हा एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेचा गटफोटो वाटत होता. सोडवताना एकाचा पाय पत्र्यालाच राहिला. चाचांनी एक चकती मोडून पाहण्याचा प्रयत्न केला, मग दुसऱ्या हाताचीही मदत घेतली, आणि अखेरीस ती दाताखाली न धरता खिशात ठेवली.

“कडक झाले,” ते म्हणाले. “पण माल चांगला हाये.”

कडक हा शब्द सौजन्याचा झाला. लोणारच्या काठचा जो काळा फत्तर उल्केलाच काय तो फुटला, त्याच्याशी त्या चकत्यांचे नाते सांगता आले असते. घरी आल्यावर हिने एक चकती परातीवर टाकली, तेव्हा परातीतून जेवणाची घंटा व्हावी तसा नाद निघाला. नात काही बोलली नाही. तिने दप्तर घेतले आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. रडत असेल असे वाटून मी जवळ गेलो, तो ती नोंद क्रमांक ४७ चे पान उजेडासमोर धरून पाहत होती.

“आबा, हे एक पान नाहीये. दोन आहेत.”

काकवी. आजीच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच सांडली असावी. दोन पाने एकमेकांना अशी घट्ट चिकटली होती की आत्या, दादा, काका, काकू आणि आई या सर्वांनी त्या एकाच जाड पानावर आपापले शेरे लिहून आयुष्ये काढली, आणि आत आणखी काही असेल हे कोणाच्याही स्वप्नात आले नाही. नातीने कुकरच्या वाफेवर ते पान धरले, पोस्टाची तिकिटे सोडवतात तसे हलके हलके सोडवले, आणि आजोबांचे अक्षर, कालच लिहिल्यासारखे काळेभोर, बाहेर आले.

‘—मंद असावा, पाव निघाल्यानंतरचा. खानसामा मजकूर असे जाहीर करतो की सदरहू बिस्किटे भाजल्या दिवशी दगडाप्रमाणे असतात, तरी घाबरू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ रोज ठेवावी. गूळ हवेतील ओल धरून आपोआप नरम करितो व सुंठ मुरते. त्यापूर्वी खाल्ल्यास दातांची जबाबदारी खाणाराकडे राहील. सबब कुटुंबास सक्त ताकीद देण्यात यावी.’

ताकीद देण्यात आली होती की नाही, याचा दप्तरात पुरावा नाही. दिली असेल तरी सोळा माणसांच्या घरात गुळाचा पदार्थ आठ रोज डब्यात राहील, ही गोष्ट खानसाम्याला जशी सोपी वाटली तशी ती नव्हती.

आम्ही मात्र या वेळी सर्व काही नियमाप्रमाणे केले. एकूण बिस्किटे मोजली: माणसे २२, चकत्या ४१. सर्व कुरडयांच्या डब्यात घातली, झाकण लावले, वर चिठ्ठी चिकटवली, चिठ्ठीवर तारीख घातली, आणि नातीने व मी खाली सह्या केल्या. हिने सही केली नाही. दातांना लागतात, घशाला झोंबतात, आणि शेवटी या कापण्याच, हे तिचे मत तिने त्याच वेळी नोंदवून ठेवले.

आज पाचवा रोज आहे. आताच डबा उघडून पाहिला. आत पाय नसलेला तो एक माणूस शिल्लक आहे.